मामाजींची तिरडी कोण बांधणार?

आमच्या वस्तीत कोणी वारलं की पहिला फोन लेकीला नाही, जावयाला नाही, माझ्या सासऱ्यांना यायचा. पलीकडचा माणूस एवढंच म्हणायचा, "काका, या." सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी फोन ठेवायचे, खुंटीवरची कापडी थैली खांद्याला अडकवायचे आणि लोक लग्नाला निघतात तशा लगबगीने मयतीला निघायचे. थैलीत सुतळीचे दोन गुंडे, एक मोजपट्टी आणि बडीशेपेची डबी. बडीशेप स्वतःसाठी. "तीन-चार घंटे जातात वं, तोंडात काही नको का?" असं त्यांचं म्हणणं.

मामाजी तिरडी बांधायचे. हा त्यांचा धंदा नव्हता, कोणी त्यांना नेमलंही नव्हतं. विणकराच्या घरात जन्मले, लहानपणापासून घरच्या हातमागावर बसले. माग बंद पडला तेव्हा गिरणीत लागले. गिरणीलाही कुलूप लागलं तेव्हा सदर भागातल्या एका कापडाच्या दुकानात थानं उलगडत राहिले. पोटासाठी माणसाने काय काय केलं, पण पाहुण्यांनी विचारलं की तुम्ही काय करत होता, तर यांची गाडी पाचव्या मिनिटाला तिरडीवर यायची. पाहुणे चहाचा कप खाली ठेवायचे.

मी अमरावतीहून या घरात आले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. लग्नानंतरच्या आठवड्यातच मामाजी एका दुपारी स्मशानघाटावरून परतले, मागच्या दारी आंघोळ करून जेवायला बसले आणि दोन घास खाऊन म्हणाले, "आज मस्त जमली." मी नवी नवरी, पहिल्यांदाच सगळा स्वयंपाक एकटीने केलेला. मी लाजून म्हटलं, "थोडं तिखट जास्त झालं, मामाजी." ते माझ्याकडे बघत राहिले. "भाजी नाही वं. तिरडी. असा सहा फुटाचा माणूस, पण घाटापर्यंत कामटी हलली नाही." सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, कपाळावर हात मारला. माझ्या भाजीबद्दल त्या दिवशी कोणी काहीच बोललं नाही.

त्यांची नजर फार वाईट होती. म्हणजे तशा अर्थाने वाईट नव्हे, मोजमापाची. कोणालाही पाहिलं की त्यांच्या डोक्यात बांबूची लांबी यायची. एका चुलत नणंदेच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला, चांगला उंचापुरा, आणि मामाजी माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणाले, "याले साडेसात फुटाचे लागतीन." नवऱ्याने त्यांना हाताला धरून सरळ जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवलं. मला आजही त्या जावयाकडे नीट पाहता येत नाही.

कामात मात्र ते फार काटेकोर. बांबू लकडगंजच्या लाकूडबाजारातूनच, तोही स्वतः ठोकून पाहिलेला. आडव्या कामट्या, म्हणजे चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या, सारख्या अंतरावर. गाठ मागावरची, धागा जोडायची, फक्त सुतळीत मारलेली. आणि एक नियम त्यांचा स्वतःचा होता. माणसाला तिरडीवर निजवून सुतळीने बांधलं की त्या सुतळीला चाकू लावायचा नाही. घाटावर गाठी हाताने सोडायच्या. का, ते त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही. "कापून काहून काढता? माणूस हाय का पार्सल हाय?" एवढंच म्हणायचे. घाटावर गेल्यावर मग तेच पुढे होत, सगळे मागे सरत, आणि मिनिटाभरात सुतळी मोकळी होई.

रामदासपेठेत आमचे एक श्रीमंत नातेवाईक वारले, तेव्हा मामाजी थैली घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. तिथे स्टीलचं स्ट्रेचर होतं, चाकं लावलेलं. गाडीत सरकवलं, गाडीतून काढलं, संपलं. घरी येऊन मामाजींनी थैलीतली सुतळी उलगडून पुन्हा गुंडाळली. मग जेवताना सगळ्यांना ऐकवलं, "मले बांबूवर न्या. लोखंडावर नाही. दुकानातली तयार तिरडीही नको. घरच्या माणसानं बांधलेली पाहिजे, अन् सुतळीले चाकू लावान तं मी उठून बसीन." आम्ही हो हो म्हणत वरणात तूप वाढून घेतलं. नातवाने विचारलं, "पण आजोबा, तुमची कोण बांधणार?" त्यावर सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. त्यांना ते विचारलं गेलेलं आवडलं होतं, असं मला वाटतं.

कारण शिकायला कोणी तयारच नव्हतं. वस्तीतल्या प्रत्येक बाप्याला त्यांनी कधी ना कधी म्हटलं होतं, "ये, बस, दाखवतो." सगळ्यांचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही आहात ना, काका." माझ्या नवऱ्याने तर स्पष्ट सांगितलं की हे असलं आधीपासून शिकून ठेवणं अशुभ आहे. मामाजी म्हणाले, "मी चाळीस वर्षं बांधून राहिलो, मले काय झालं?" तरी कोणी बसलं नाही.

टाळेबंदीच्या दिवसांत मामाजी ऐंशीच्या घरात होते. ज्या महिन्यांत वस्तीतली सगळ्यात जास्त माणसं गेली, त्या महिन्यांत त्यांना उंबरठा ओलांडायला बंदी होती. फोन यायचे, पण "या" म्हणायला नाही, फक्त कळवायला. मामाजी थैली मांडीवर घेऊन खिडकीत बसून राहायचे. इतका बोलका माणूस, पण त्या दिवसांत जेवायला पाच वेळा हाक मारावी लागायची. मला त्यांची काळजी वाटायला लागली आणि एका सकाळी मी, कोणत्या तंद्रीत कोण जाणे, म्हणून बसले, "मामाजी, मला शिकवा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू?"

"मी काय? हात आहेत की मला."

पुढे तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज तिरडी बांधली गेली. पडद्याचे दोन जुने दांडे हे बांबू, आणि मी शिकवते त्या शाळेतल्या लाकडी फूटपट्ट्या या कामट्या. आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अजी, घरात काय हे मांडून राहिले! देव पाहून राहिला!" मामाजी म्हणायचे, "पाहू दे. त्यालेही येत नसन." एकदा माझा ऑनलाइन वर्ग सुरू होता आणि माझ्या मागे मामाजींचं काम चाललं होतं. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमचे आजोबा शिडी बनवताहेत का?" मी म्हटलं, "हो, शिडीच." मामाजी मागून म्हणाले, "हुशार पोरगी हाय."

शिक्षक म्हणून ते भयंकर होते. मी बांधून दाखवलं की ते एक फूटपट्टी धरून हिसका द्यायचे. ती हलायची. मग माझ्याकडे अशा दयेने पाहायचे, की माझ्या वर्गातल्या ढ मुलांबद्दल मला पहिल्यांदा खरी माया वाटली. टाळेबंदी उठली तेव्हा त्यांनी मला शंभरपैकी पस्तीस दिले. "पास हायेस, पण कोणाले सांगू नको." आणि थैली अडकवून ते पुन्हा बाहेर पडले. त्यांना भूक लागायला लागली, शिव्या सुचायला लागल्या, एवढं मला पुरेसं होतं. तिरडीचं मी विसरून गेले.

ते गेले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. थंडीतला रविवार. सकाळी नवऱ्याने कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणले. डॉक्टरांनी मामाजींना तर्री, तो तिखटजाळ रस्सा, बंद केली होती, म्हणून ते पोह्यांवर फक्त दोनदाच ओतून घ्यायचे. त्या दिवशीही दोनदा ओतली, सगळं संपवलं, म्हणाले, "आज तर्रीत दम नव्हता," आणि अंगणातल्या खुर्चीत उन्हाला जाऊन बसले. मी ताट उचलायला गेले तर मान छातीवर. झोपले असं वाटलं. डॉक्टर येऊन गेले, तेव्हा मामाजींच्या मिशीला लागलेला पोह्याचा दाणा मी पदराने टिपला. रडू आलं नाही. सगळं इतकं रोजच्यासारखं होतं की रडायला कुठून सुरुवात करावी तेच समजेना.

तासाभरात गल्ली भरली. मामाजींना खाली घेतलं होतं, डोक्याशी दिवा होता, आत्याबाई भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. आणि अशात खुंटीवरच्या थैलीतला मामाजींचा फोन वाजला. खोलीतले सगळे दचकले. मी घेतला. त्यांचे गिरणीतले जुने मित्र, पलीकडच्या वस्तीत राहणारे. मी हॅलो म्हणायच्या आत ते सुरू झाले, "अबे, कुठं हायेस? तुह्याच गल्लीत कोणी गेलं म्हणते! सुतळी घे अन् निघ, मी येऊन राहिलो!"

मी म्हटलं, "काका, मी सून बोलतेय."

"बाबाले दे ना, पोरी."

"काका... तेच गेले."

 ते अगदी लहान मुलासारखे म्हणाले, "अरे देवा. मंग आता बांधन कोण?"

हे मी नवऱ्याला सांगितलं, त्याने भावाला सांगितलं, आणि पाच मिनिटांत अंगणात सगळ्यांच्या लक्षात आलं की घोटाळा झालेला आहे. चाळीस वर्षं ज्या माणसावर सगळ्यांनी ही गोष्ट सोडून दिली होती, तो माणूस आत निजला होता. लकडगंजहून दोन उत्तम बांबू आले होते, कामट्या होत्या, वर अंथरायला तणस, म्हणजे भाताचा पेंढा, होतं, सुतळी तर घरचीच. आणि भोवती चाळीस पुरुष उभे होते, सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं, आणि एकालाही येत नव्हतं.

पण कबूल कोण करणार! एक जण म्हणाला, आधी तणस. दुसरा म्हणाला, आधी कामट्या, तणस नंतर. नवऱ्याचे मित्र मोबाइलवर व्हिडिओ शोधायला लागले. धाकट्या दिरांनी पुढे होऊन चार गाठी मारल्या, मोठ्या रुबाबात, आणि तिरडी उचलून पाहिली तर एक बांबू हातात आणि दुसरा जमिनीवर. माझा इंजिनिअर भाचा गाडीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेऊन आला, वायरी बांधायच्या. "मामी, एकदम पक्क्या. ट्रक ओढला तरी तुटणार नाहीत." मला मामाजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि हसू फुटलं. बायकांनी मला रडते आहे समजून जवळ घेतलं.

कोणीतरी महापालिकेच्या गाडीला फोन करायचं बोललं. स्ट्रेचर येईल, लवकर आटपेल, ऊन वाढतंय. मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. तेव्हा मात्र माझं हसू गेलं. या माणसाने आयुष्यात आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. अर्ध्या वस्तीला त्याने आपल्या हातांनी नीट पाठवलं, आणि त्यालाच आता चाकांवरून ढकलत न्यायचं? मला राग आला. माना डोलावणाऱ्यांवर, माझ्या नवऱ्यावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. मला येत होतं आणि मी पदर सावरत दारात उभी होते.

मी अंगणात उतरले आणि म्हटलं, "सरका. मी बांधते."

दूरच्या नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई लगेच पुढे आल्या. "बाईमाणसानं हात लावू नाही वं तिरडीले." आणखी दोघी-तिघींनी दुजोरा दिला. माझा नवरा, ज्याला आपल्या आईसमोर माझी बाजू घ्यायला सव्वीस वर्षांत जमलेलं नाही, तो बांबूशी उकिडवा बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "तिले येते. बाबानं शिकवलं तिले." मग तो आत पाहू लागला, आईकडे. आत्याबाईंनी मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

मी बसले. पहिल्या कामटीची गाठ घसरली. चाळीस माणसं बघत होती. दुसऱ्यांदा बांधली. मग सुतळी दातात धरली, मामाजी धरायचे तशी, आणि हात आपोआप चालायला लागले. एक कामटी, दुसरी कामटी. गिरणीतले ते मित्र येऊन शेजारी बसले आणि मला सुतळी मोकळी करून द्यायला लागले. शेवटची कामटी झाल्यावर भाच्याने मला न विचारता एकीला धरून हिसका दिला. हलली नाही. दुसरीला दिला. हलली नाही. त्याने प्लॅस्टिकच्या पट्ट्या खिशात घातल्या.

मामाजींना वर निजवलं, तेव्हा बांधायलाही मीच पुढे झाले. छातीवर एक, गुडघ्यांवर एक, पावलांवर एक. रस्त्यात काही झालं तर, अशी मला भीती होती, म्हणून प्रत्येक गाठ मारून वर पुन्हा ओढली, सगळा जीव लावून. खांदेकऱ्यांनी उचललं. गल्लीच्या वळणापर्यंत मी पाहत राहिले. तिरडी जराही कुरकुरली नाही.

आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. शेजारणी अंगण धुऊन, नात्यातल्या बायकांना घेऊन आपापल्या घरी भाकरी करायला गेल्या आणि घरात आम्ही दोघीच उरलो, आत्याबाई आणि मी. सगळे परत आले की आंघोळी होणार, म्हणून मी सगळ्यात मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी भरून गॅसवर ठेवलं आणि खाली त्यांच्या शेजारी येऊन बसले.  तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा होता, घाटावरून. मागे खूप लोकांचे आवाज.

"अगं, सुटत नाहीये."

"काय सुटत नाहीये?"

"गाठी. एकही. सगळ्यांनी ओढून पाहिलं. तू केवढी घट्ट बांधलीस? इथं सगळे म्हणताहेत, कापून टाक. ब्लेड आणलंय एकाने." मग त्याचा आवाज बारीक झाला. "कापू का गं?"

 मला मामाजींनी बांधायला शिकवलं होतं, सोडायला नाही. रोज धडा संपला की मी चहा टाकायला उठायची, आणि चहा घेऊन येईपर्यंत ते सगळ्या गाठी सोडून सुतळीचा गुंडा करून ठेवायचे. सोडताना मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं.  इतकं करून शेवटी त्यांना कापूनच काढायचं होतं, आणि तेही माझ्या हाताने आवळलेलं.

"दे इकडं," आत्याबाई म्हणाल्या.

सकाळपासून त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. मी स्पीकर लावून फोन दिला. त्यांनी तो लांब धरला, आणि घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "ओढून राहिला का तू?"

"हो आई."

"ओढू नको. ओढली का आणखी बसते थे. दोन्हीकडून सुतळी गाठीत ढकल. आत ढकल. ढिली झाली का मंग नखानं उकल. छातीची आधी."

  मग नवऱ्याचा आवाज आला, "सुटली."

"आता गुडघ्याची."

"सुटली, आई."

 आत्याबाईंचा आवाज तसाच होता, पोराला गृहपाठ सांगावा तसा. "आता पायाची. हळू कर. घाई नाही."

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "सुटली."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "मागावर ताण्याचे उभे धागे जोडत तं गाठी हे मारत," त्या म्हणाल्या. "चुकलेल्या सोडायच्या माह्याकडं होत्या. या घरात आली तं सोळा वर्षाची होती मी." मग त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि सुतळीने लाल झालेली माझी बोटं चोळायला लागल्या. "झालं. गेले. रड आता, रडायचं असन तं."

आणि आम्ही दोघी रडलो, पाणी तापेपर्यंत.